यंदाचा भार

रघुजी मास्तरांचं पंधरा ऑगस्टचं भाषण बेंगळुरातल्या जे. पी. नगरच्या समाज भवनात सगळ्यांना पाठ होतं. इंग्रजांनी रेल्वे आणली, कालवे काढले, असं कुणी म्हटलं की मास्तरांचा आवाज चढायचा. "आणली असेल! आम्हाला विचारून आणली का?" मग गाडी म्हैसूर संस्थानावर यायची. महाराजांचा कारभार चांगला होता, बेंगळुरात विजेचे दिवे लवकर आले, धरणं झाली, कॉलेजं निघाली. तरीही सत्तेचाळीस साली, देश स्वतंत्र झाल्यावर, इथले लोक रस्त्यावर उतरले. त्यांना चांगला राजा नको होता, स्वतःचा कारभार हवा होता. त्या गर्दीत मास्तरांचे वडील होते आणि तुरुंगात जाऊन आले होते. इथवर आलं की मास्तरांचा गळा दाटून यायचा. दरवर्षी यायचा, आणि त्यात नाटक मुळीच नव्हतं.

भाषण संपलं की मास्तर चांदीचं तबक उचलायचे. तबकात एकच विडा. ते विठोजींपुढे धरून मास्तर म्हणायचे, "यंदाचा भार आपला." विठोजी विडा घ्यायचे. मग वर्षभर भवनाचं जे ठरायचं ते विठोजी ठरवायचे. त्यांच्या आधी त्यांचे वडील ठरवायचे आणि त्याआधी आजोबा. शहाजीराजांच्या काळात महाराष्ट्रातून इकडे आलेली ही मराठी घराणी. बोलण्यात अर्धं कन्नड मिसळलं, फेटे जाऊन हेल्मेटं आली, पण विड्याचा मान त्याच घरात राहिला. विडा घेतला गेला की सगळे केसरीभात खाऊन, कॉफी पिऊन घरी जायचे.

यंदा चौदा तारखेला मास्तर आरशासमोर भाषणाची उजळणी करत होते. त्यांची मुलगी रक्षिता बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात इंजिनिअर होती. ती कामाची पाळी संपवून आली, बूट काढताना दोन-चार वाक्यं ऐकली आणि म्हणाली, "अप्पा, एक विचारू? भाषण झालं की तबक कुणापुढे धरणार?"

"विठोजीअण्णांपुढे. आणखी कुणापुढे धरायचं?"

"मग भाषण कशाला करता?"

एवढं बोलून ती हातपाय धुवायला गेली. मास्तर तिच्या मागोमाग मोरीपर्यंत गेले. देश कुठे आणि भवन कुठे, असं त्यांनी तिला बजावलं. विठोजीअण्णांसारखा सरळ माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. "ते चांगलं चालवतात. या लोकांच्या हातात दिलं तर वाटोळं करतील. त्यांना अजून जमायचं नाही!"

आणि मास्तर थबकले. हेच वाक्य त्यांच्या भाषणात इंग्रज साहेबाच्या तोंडी होतं. ते म्हणताना मास्तर मिशीला पीळ देत आणि सभा हसे. आज मोरीच्या दारात ते वाक्य त्यांच्या स्वतःच्या तोंडून आलं होतं.  रक्षिताने टॉवेल घेतला आणि तोंड पुसलं.

मास्तरांना जेवण गेलं नाही. विठोजी म्हणजे परका माणूस नव्हे. मास्तरांची बायको आजारी होती तेव्हा हा थोर घरचा माणूस दवाखान्याच्या बाकावर दिवसेंदिवस त्यांच्या शेजारी बसला होता. त्या माणसाला भरसभेत दुखवायचं? आणि कशासाठी? विठोजींनी यंदा जे ठरवलं होतं तेसुद्धा मास्तरांना पटलेलं होतं. भवनाचं छप्पर गळत होतं. लग्नकार्यं करणाऱ्या एका कंपनीला भवन दीर्घ मुदतीने चालवायला द्यायचं, कंपनी छप्पर घालणार, एसी बसवणार, असा बेत होता. बेत शहाणपणाचा होता. भवनात सगळ्यांच्या कानावर तो आला होता, फक्त कुणाला विचारून केलेला नव्हता.

सकाळी विठोजींनी डोक्याला म्हैसुरी पेटा बांधून झेंडा फडकवला. राष्ट्रगीत झालं. सगळे आत येऊन सतरंजीवर बसले. मास्तरांनी भाषण केलं, पण वडिलांची गोष्ट आली तेव्हा त्यांचा गळा दाटला नाही, याचं पुढच्या रांगेतल्या बायकांना नवल वाटलं. भाषण संपलं. मास्तरांनी तबक उचललं, विठोजींच्या दिशेने दोन पावलं टाकली आणि ते सभेच्या मधोमध खाली ठेवलं.

"अय्यो, जमिनीवर!" सकवारबाई ओरडल्या. त्या भवनातल्या सगळ्यांत वयस्कर. मानाचं तबक जमिनीला टेकू द्यायचं नसतं. त्यांनी खांद्यावरची शाल काढून घाईघाईने तबकाखाली सरकवली.

"काय झालं रघु? हात दुखतोय काय?" विठोजींनी विचारलं.

"नाही अण्णा. यंदाचा भार कुणाचा, ते सगळ्यांनी ठरवावं."

मागे कॉफीची भांडी लावणारेही थांबले. मग विजेच्या सामानाचं दुकान चालवणारा गुंडू उठला. "मास्तर, सुम्ने, उगाच कशाला हे? चाललंय ते बरं चाललंय की!" चार-दहा माना हलल्या. "विठोजीअण्णा, तुम्हीच घ्या विडा," असं दोघे-तिघे म्हणाले.

विठोजींनी विडा घेतला नाही. त्यांचा चेहरा उतरला होता. "थांबा. रघु, मी काय वाईट केलं ते सगळ्यांसमोर सांग."

"काही वाईट केलं नाहीत," मास्तर म्हणाले.  "वाईट केलं असतं तर हे बोलणं सोपं होतं. कुणीही बोललं असतं. तुम्ही चांगलं केलंत, म्हणून आम्ही नुसते बसून राहिलो. या भवनाचं पाणी कुठून येतं, मीटर कुठे आहे, मला ठाऊक नाही. मी इथे जन्मापासून येतो! दरवर्षी माझ्या बापाच्या तुरुंगाची गोष्ट सांगतो आणि लगेच तबक धरतो. माझा बाप काय उपाशी होता म्हणून तुरुंगात गेला? तो म्हणायचा, राजा चांगला आहे, पण उद्या काय करायचं हे ज्याचं घर त्याने ठरवायचं. मला हे देशाबद्दल पटतं आणि भवनाबद्दल पटत नाही, असं कसं चालेल?"

"लोक चुकीचं ठरवतील," विठोजी म्हणाले.

"ठरवू देत. चूक आमची असेल, आणि ती आम्हीच निस्तरू."

 विठोजींना राग आला होता, तो दिसत होता. मग त्यांनी पेटा काढून मांडीवर ठेवला. "सरी. ठीक, आजच होऊन जाऊ दे; यंदाचा मोठा प्रश्न तुम्हीच ठरवा. भवन कंपनीला द्यायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

त्यांनी स्वतःचा हात वर केला. गुंडूने केला. मास्तरांनीही केला, कारण त्यांना ते पटलेलं होतं. आणखी काही हात वर झाले.

"स्वल्प थांबा," सकवारबाई म्हणाल्या. "मला बोलायचं हाय. कंपनी आली की आमी हळदीकुंकू कुठं करायचं? त्यांच्या हापिसात जाऊन विचारायचं, साहेब, आमच्या घरात येऊ काय? मास्तर आत्ता काय बोलले? ज्याचं घर त्यानं ठरवायचं. मग मी ठरवते. द्यायचं न्हाई!"

बायकांच्या बाजूने हशा झाला आणि मग हात वर होऊ लागले. द्यायचं नाही म्हणणारे हात इतके झाले की मोजायची गरज पडली नाही. त्यातल्या काहींनी आधी कंपनीच्या बाजूने हात वर केले होते. बायकांत बसलेल्या रक्षितानेही हात वर केला आणि बापाकडे बघितलं नाही.

मास्तर हरले होते. त्यांच्याच भाषणाने त्यांना हरवलं होतं. छप्पर गळतंय, तिजोरीत खडखडाट आहे आणि ही मंडळी हळदीकुंकवाच्या गोष्टी करतायत! त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं की तुम्ही वेडे आहात. तेवढ्यात सकवारबाईंनी शालीसकट तबक त्यांच्यापुढे ओढलं.

"उचल आता. बोललास न्हवं?"

"अक्का, मी विरुद्ध बाजूने हात वर केला होता."

"म्हणून काय झालं? कामाला हात तेच की."

मास्तरांनी सभेकडे पाहिलं. कुणी नजर चुकवत नव्हतं. त्यांनी विडा उचलला. "यंदाचा भार सगळ्यांचा," ते म्हणाले. "मी फक्त उचलतोय. रविवारी छपराची सभा. जो येणार नाही त्याच्या घरी मी स्वतः येईन." विठोजींनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांच्या हातात दिला आणि केसरीभात न खाता ते निघून गेले. ते मास्तरांना फार लागलं. पण त्यांनी मागे जाऊन समजूत काढली नाही.

रविवारी पाऊस होता. भवनात तीन ठिकाणी बादल्या लावल्या होत्या आणि त्यांच्या मधल्या जागेत सभा भरली होती. पत्रे बदलायचे की नुसतं डांबर लावायचं यावरून सगळे एकदम बोलत होते. गुंडूचं आणि सकवारबाईंच्या भाच्याचं भांडण हातघाईवर आलं होतं. घसा फोडून मास्तरांनी नियम घातला: ज्याला बोलायचं त्याने हात वर करायचा. दोन सभांत जे ठरलं असतं ते ठरायला सहा सभा लागणार, हे मास्तरांना दिसत होतं. तरी ते जागचे हलले नाहीत.

दारात छत्री मिटल्याचा आवाज झाला. विठोजी आले होते. पेटा नव्हता, साधा सदरा होता. पुढच्या रांगेतल्यांनी सवयीने सरकून जागा केली. विठोजी तिकडे गेले नाहीत. ते मागे, बादलीशेजारी बसले आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी हात वर केला.

 गुंडूने आपला वर केलेला हात पटकन खाली घेतला.

 या माणसाने आपल्यासाठी काय काय केलं होतं, ते सगळं मास्तरांच्या डोळ्यांपुढे आलं. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरला.

"गुंडू, हात खाली का घेतलास? आधी तू बोल," ते म्हणाले. "अण्णा, तुमचा नंबर त्याच्यानंतर."

विठोजींनी मान हलवली. गुंडू चाचरत उभा राहिला, डांबराबद्दल काहीतरी लांबलचक बोलू लागला, आणि विठोजी हात तसाच वर ठेवून आपल्या पाळीची वाट बघत बसले.