कानबाईच्या गाण्याचा घुमारा

"हाई मी नही," वत्सलाबाई म्हणाल्या आणि हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवले.

भटू महाजनने संगणकावरचं गाणं थांबवलं. "अक्का, पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला की सगळ्यांना असंच वाटतं. थोडा इफेक्ट द्यावाच लागतो."

"थोडा? कोनी इहिरमातून गाई ऱ्हायनं असं वाटस. आणि 'स' आला की मागं फुस्स व्हस. तापलेल्या तव्यावर पाणी टाकल्यासारखं."

खानदेशातून पोटासाठी आलेल्यांच्या वस्तीत, उधन्यातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर हा स्टुडिओ होता. खालच्या मजल्यावर साड्यांवर भरतकामाची यंत्रं चालत, म्हणून भिंतींना आतून जुन्या गाद्या ठोकलेल्या होत्या. मालक योगेंद्र बोरसे खानदेशी गाण्यांचं यूट्यूब चॅनल चालवायचा आणि मिक्सिंग भटू करायचा, गेली सोळा वर्षं. वत्सलाबाई मात्र या गाण्याआधी कधी स्टुडिओत आल्या नव्हत्या. घरी बसून साड्यांवर खडे चिकटवण्याचं त्यांचं काम. पण श्रावणात कानबाई देवी बसली की गल्लीतल्या बायका त्यांनाच गायला बसवत. कानबाईच्या निरोपाचं एक गाणं त्यांना आईकडून आलं होतं. ते दुसऱ्या कोणालाच येत नव्हतं. सणाला बारा दिवस उरले होते आणि त्याआधी ते चॅनलवर यावं, अशी योगेंद्रची धडपड होती.

योगेंद्रने हेडफोन घेतले, दोन ओळी ऐकल्या आणि मान खाली घातली.

"भटूभाऊ, अक्का बरोबर बोलतायत."

"तुला पण आता कळायला लागलं का?"

"मागच्या दोन गाण्यांनाही लोकांनी हेच लिहिलं होतं. मी तुम्हाला बोललो नाही."

"त्यांचे फोन भंगार असतील," भटू म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता. त्याने हेडफोन कानाला लावले आणि घुमाऱ्याचं बटण बंद केलं, मग चालू केलं, पुन्हा बंद केलं. खालच्या सुरांचा घुमारा बदलत होता, ते त्याला कळत होतं. पण ते फुस्स, ते तव्यावरचं पाणी? तिथे त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. जिथे काही ऐकू येत नाही, तिथेच तो गेले कित्येक महिने ऐकू येईपर्यंत बटण पुढे सरकवत आला होता.

"उद्या नीट करतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कानाच्या डॉक्टरकडे गेला. एका बंद खोलीत त्याला बसवलं, हातात एक कळ दिली आणि आवाज आला की दाबायला सांगितलं. त्याने दहाबारा वेळा दाबली. मग बराच वेळ तो तसाच बसून राहिला. शेवटी त्याने काचेपलीकडच्या मुलीला विचारलं, "आगे का चालू कब करोगे?"

"काका, वो तो हो गया," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कागद समोर धरला. त्यावरची रेघ अर्ध्यापर्यंत सरळ जाऊन एकदम खाली कोसळली होती.

"लूम पे काम किया है?"

"ग्यारह साल."

"तभी. उसी का असर है, ऊपर से उमर. गया हुआ वापस नहीं आता. मशीन लगाओगे तो बातचीत में आराम रहेगा. अभी क्या करते हो?"

"दुकान है," भटू म्हणाला.

रिक्षा न करता तो चालत निघाला. सतराव्या वर्षी तो पारोळ्याकडच्या गावाहून लूमवर, यंत्रमागावर कामाला आला होता. चोवीस लूम एका पत्र्याखाली. त्या खडखडाटात माणसं ओठांकडे बघून बोलायची. सुटीच्या दिवशी लग्नाच्या बँडमध्ये बॅन्जो वाजवता वाजवता तो एका स्टुडिओत पोचला आणि त्याच कामात राहिला. आठ बाय दहाच्या खोलीत बसून आपण देऊळ उभं करू शकतो, डोंगर उभा करू शकतो, हे त्याला कळलं तेव्हा तो वेडा झाला होता. एकाच बाईच्या आवाजातून त्याने शंभर बायकांची जत्रा केली होती. कामरेज, सचिन अशा आसपासच्या गावांहून लोक विचारत यायचे, तो भटू कुठे बसतो. लूम सोडली म्हणून आपण वाचलो, असंच तो इतकी वर्षं धरून चालला होता.

दुपारी योगेंद्र शूटिंगसाठी कामरेजला गेला होता. भटूने वत्सलाबाईंना बोलावून घेतलं आणि दार लावून सरळ सांगितलं.

"अक्का, मला वरचे, बारीक आवाज ऐकू येत नाहीत. आज कळलं. तुम्ही ऐका आणि मला सांगा, मी करतो."

वत्सलाबाईंनी दोन्ही हात मांडीवर घेतले. मग स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाल्या, "मन्हा बी डोळा गयात. खडा सरळ लागस नही. शेठ माल परत धाडतो." आणि खुर्ची पुढे ओढून त्यांनी हेडफोन चढवले. "बोल, काय सांगू?"

घुमारा जास्त आहे की कमी, हे विचारून उपयोग नाही, हे भटूला ठाऊक होतं. त्याने विचारलं, "हे गाणं तुम्ही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आई कुठे बसली होती?"

"मधल्या खोलीत. मातीच्या भिंती, कडेला ज्वारीची पोती. पन्नासेक बायका दाटीवाटीनं."

"आणि तुम्ही?"

"मी तिच्या मांडीवर."

भटूने वत्सलाबाईंच्या आवाजावरचा सगळा घुमारा काढून टाकला. मांडीवरच्या पोरीला आईचा आवाज भिंतीवरून आपटून कशाला येईल? तो थेट यायला हवा, श्वासासकट. मागे ओळी उचलून झील धरणाऱ्या गल्लीतल्या चार बायकांचा रेकॉर्ड केलेला आवाज त्याने आठ वेळा एकावर एक चढवला आणि त्यांना लहान खोलीचा आखूड घुमारा दिला. पोती, लुगडी, माणसं आवाज पिऊन टाकतात, म्हणून त्या घुमाऱ्याची वरची धार त्याने कापली. आकडे बघून, सवयीने. प्रत्येक बदलानंतर तो वत्सलाबाईंच्या चेहऱ्याकडे बघायचा.

"फुस्स व्हस का?"

"नही. पण बायका लांब गेल्या. जवळ आण."

त्याने त्या जवळ आणल्या. असं करत तीन कडवी झाली. शेवटच्या कडव्यात कानबाईला नदीवर नेतात. इथे भटू नेहमी सर्वांत मोठा घुमारा द्यायचा, लोकांना तो आवडायचा. त्याने तोच लावला. वत्सलाबाईंनी हात वर केला.

"आता तर आम्ही दारातून बाहेर पडलो ना. शेतातून चाललोय. तिथं कुठून घुमंल?"

भटूचा हात थांबला. इतक्या वर्षांत हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. उघड्यावर घुमारा नसतोच. त्याने सगळ्या बायकांवरचा घुमारा काढून त्या कोरड्या केल्या आणि त्यांचा आवाज हळूहळू लहान करत नेला.

"आई कुठे आहे आता? पुढे?"

वत्सलाबाईंनी नाही अशी मान हलवली. मग हेडफोन न काढता म्हणाल्या, "ती नदीवर येत नसे. मन्हा बाप गेल्यावर, विधवा म्हणून, तिला कोणी येऊ देत नसे. गाणं तिचंच, पण ती दारातच उभी राहायची. आम्ही लांब गेलो तरी मागून तिचा आवाज यायचा."

रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यांनी गाणं चार वेळा म्हटलं होतं. तिसऱ्या वेळी शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज चिरकला होता, म्हणून भटूने ते बाजूला टाकलं होतं. त्याने तीच ओळ उचलली आणि मघाच्या मातीच्या खोलीत नेऊन ठेवली. बायका शेतातून निघून गेल्या. आणि मागे, रिकाम्या झालेल्या खोलीत, एक चिरकलेला आवाज भिंतींना लागत राहिला. खोली रिकामी आहे हे कळावं म्हणून भटूने तेवढ्या एका ओळीपुरता घुमारा लांबवला.

वत्सलाबाईंनी ते दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा लावू का, असं त्याने विचारलं तेव्हा त्यांनी मानेनेच नको म्हटलं. पदराने तोंड पुसून त्या उठल्या. "आते बरं शे," एवढंच म्हणाल्या आणि चप्पल घालून खाली उतरल्या.

दुसऱ्या दिवशी योगेंद्रने गाणं ऐकलं आणि खुर्चीतून उठलाच. "भटूभाऊ, हे काय केलंत! आता लग्नसराईची अकरा गाणी आहेत, सगळी अशीच करायची."

गप्प राहता आलं असतं. निदान अकरा गाण्यांपुरतं. भटूने खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला आणि वत्सलाबाई त्या दुपारी इथे बसल्या होत्या हेही सांगितलं.

योगेंद्र त्या खाली कोसळलेल्या रेघेकडे बघत राहिला. "कानाला मशीन लावून?"

"मशीन बोलणं ऐकायला. मिक्सिंगला नाही."

"मग..." योगेंद्रने खालचा ओठ चावला. "सचिन गावात लखन म्हणून एक मिक्सिंगवाला आहे. त्याला विचारतो. पण तुम्ही यायचं हं. माइक लावायला तुमच्यासारखं कोणी नाही."

"येईन."

"खरंच यायचं."

"येईन म्हटलं ना." भटूने पडद्याकडे बोट केलं. "नावं टाकतोस ना, तिथे मिक्सिंगला अक्कांचं नाव पण घाल. माझ्या आधी."

योगेंद्रने नाव टाइप केलं. भटू खुर्चीवरून उठला. योगेंद्र लगेच तिथे बसला नाही, तसाच उभा राहिला.

घरी त्याची बायको धनश्री भाजी निवडत होती. भटूने तिच्यासमोर कागद धरला आणि सगळं सांगितलं. तिने कागदाकडे पाहिलंही नाही. पालकाची मुळं कापत ती म्हणाली, "माले दोन वरीसपासून माहीत शे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दिवसभर कानावरच जगता. कसं सांगू?" तिने सुरी बाजूला ठेवली. "म्हणून मी मोठ्यानं बोलत गेले. शेजारीन इचारस, तुमनं रोज भांडन व्हस का?"

भटू हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही. तो तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि पालकाची एक जुडी स्वतःकडे ओढून घेतली.

"मशीन लावल्यावर हळू बोलू का मंग?" तिने विचारलं.

"नको," भटू म्हणाला. "बोल तशीच."