शून्य कुणाचं

हिवाळाभर तोंड लपवलेला सूर्य क्षितिजावर डोकावला, की ध्रुवाजवळच्या संशोधन तळावरची माणसं बाहेर पळून फोटो काढायची. ताई मात्र यंत्राच्या आकड्याकडे डोळे लावून बसायची. वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून प्रमुखांपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांची ताई.

तिचं काम जमिनीलगतच्या हवेतला ओझोन मोजण्याचं. आभाळातल्या ओझोनचं कौतुक जगभर, या खालच्याला कुत्रंही विचारत नाही. पण ध्रुवाजवळ तो वसंतात भलताच खेळ करतो. सूर्य परतला आणि वारा पडला, की समुद्राच्या बर्फावरल्या मिठातून ब्रोमीन सुटतं आणि ओझोनचा असा फडशा पाडतं, की आकडा थेट शून्यावर येतो. ही घसरण वर्षागणिक वाढते की घटते, हे ताई तरुणपणापासून मोजत आली होती. त्यापायी संसार मोडला. मुलगी आजीकडे वाढली आणि आता फोनवर परक्यासारखी बोलायची.

मागचे दोन वसंत फुकट गेले होते. एकदा यंत्राची हवा ओढणारी नळी बर्फाने बुजली, एकदा वीज गेली. यंदाही हाती काही लागलं नाही, तर तळापासून दूर असलेली यंत्राची मापनखोली कायमची बंद, असं मुख्यालयाने कळवलं होतं. त्यात ताईची कंबर धरलेली. तळापासून मापनखोलीपर्यंत गुडघाभर बर्फ तुडवताना तिच्या नाकी नऊ यायचे, म्हणून त्या दिवशी ती जेवणघरातल्या पडद्यावरच आकडा बघत बसली होती.

दुपारी वारा पडला आणि आकडा उतरू लागला. उतरता उतरता शून्यावर येऊन बसला. ताईचा जीव भांड्यात पडला. कंबर विसरून ती उठली आणि प्रमुखांना म्हणाली, "आलं बाई एकदाचं! आता कोण बंद करतंय खोली, बघतेच."

प्रमुख हसले. स्वयंपाक्याने गोड काहीतरी करायला घेतलं. तेवढ्यात इंजिनं सांभाळणारा मिस्त्री मिशांवरचं बर्फ झाडत आत आला.

"ताई, उद्यापासून कण्हायचं बंद. तुमची वाट साफ केली."

"कशाने रे?"

"कशाने म्हणजे? फावड्याने जन्म गेला असता. बर्फ लोटायची गाडी घातली."

मापनखोलीच्या आसपास इंजिन न्यायचं नाही, हा तळावरचा पहिला नियम. ताई खाली बसली.

"वारा बघूनच सुरुवात केली हो," मिस्त्री म्हणाला. "धूर सगळा इकडे तळाकडे येत होता. दारापर्यंत पोचलो आणि..."

"आणि वारा पडला."

मिस्त्रीचा चेहरा उतरला. इंजिनाचा धूरही ओझोन खातो, हे तिथे स्वयंपाक्यालासुद्धा ठाऊक होतं. कुणी खाल्लं ते यंत्राला कळत नाही, त्याला फक्त रिकामं ताट दिसतं.

"मी गाडी बाहेर काढलीच नव्हती," मिस्त्री हळूच म्हणाला. "कुणी विचारलं तर हेच सांगेन."

प्रमुखांनी खिडकीबाहेर बघितलं. "माझ्याही कानावर काही आलेलं नाही, ताई."

ताईला मोह झाला. चांगलाच झाला. सगळा जन्म त्या एका आकड्यावर टांगलेला होता, आणि तो खोटाच होता असंही कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं.

"तुम्ही गप्प बसाल," ती शेवटी म्हणाली. "पण ते शून्य आभाळाचं होतं की तुझ्या गाडीचं, हे मला कोण सांगणार?"

तिने त्या दिवसाचं सगळं मोजमाप बाद केलं. मिस्त्री कोपऱ्यात रडत होता. त्याला जवळ घ्यावं असं तिला वाटलं, पण हात उचलला गेला नाही.

रात्रीच वादळ उठलं आणि आकडा पुन्हा वर गेला. मग वारा असा सुटला, की पुन्हा पडलाच नाही. सूर्य वर चढत गेला आणि घसरणीचा हंगाम सरला. मुख्यालयाचा निरोप दोन ओळींचा होता.

यंत्र बंद करायला ताई एकटीच निघाली. वादळाने बुजलेली वाट मिस्त्रीने पुन्हा मोकळी केली होती, या खेपेला फावड्याने. कडा सरळ कापलेल्या, चढावर पायऱ्या, धरायला दोरसुद्धा. कंबर जराही न दुखता ती दारापर्यंत पोचली. तिथे ती पायरीवर बसली आणि पोटभर रडली. मग आत जाऊन तिने बटण दाबलं.