विमान लेट हाय

केवळाबाई सोमवारी दुपारी गेल्या आणि संध्याकाळपर्यंत नायगावच्या त्यांच्या दारात नांदेडहून बर्फाची पेटी आली. पेटी कशाला, असं कुणी विचारलं नाही. बापाला अग्नी थोरल्यानं द्यायचा, आईला धाकट्यानं, ही भावकीची रीत. आणि धाकटा सत्यम टोरांटोत. तो आल्याबिगर माती होणार नव्हती.

थोरला सिद्धराम एसटी स्टँडवर कंट्रोलर. गाडी किती लेट, कशानं लेट, हे सांगण्यातच त्याची हयात गेलेली. म्हणून मोबाईलवर सत्यमच्या विमानाकडं बघत बसायचं काम त्याच्याच गळ्यात आलं. टोरांटोहून दुबई, तिथं विमान बदलून हैदराबाद, पुढं गाडीनं पाच-सहा तास. सगळं वेळेवर झालं तर बुधवारी सकाळी नवाला दारात. पण बदलायला मधे दीडच तास, आणि टोरांटोत बर्फ पडून राहिलेलं. इतक्या लांबच्या वाटेला दीड तास म्हंजे काहीच न्हाई, हे कंट्रोलरला कोण सांगणार?

झालंही तसंच. दुबईत विमान दोन तास उशिरा उतरलं आणि पुढचं निघून गेलं. सिद्धरामनं पुढच्या विमानाची वेळ बघून सगळ्यांना सांगितली. आणि खोटं कशाला बोला, आतून त्याला जरा बरंही वाटलं. सहा वर्षं आई अंथरुणाला खिळलेली. तिचं हागणं-मुतणं त्यानं काढलं, घास त्यानं भरवला. सत्यमचा रविवारी व्हिडिओ कॉल यायचा, अन् म्हातारी फोनवरच्या त्याच्या तोंडावरून हात फिरवत बसायची. आता अग्नीबी सत्यमनंच द्यायचा? हा कुठला न्याय?

बुधवारी अकराला सत्यम हैदराबादला उतरला. निघालो, थांबा, एवढंच फोनवर बोलला.

तीन वाजता भावकी बसली. तिसरा दिवस लागला, शेजारपाजारच्या चुली बंद, अन् दिवस बुडाल्यावर माती करायची नसते. चुलते शेषेरावांनी ठरवून टाकलं, साडेपाचपर्यंत वाट बघायची, न्हाई तर विस्तवाचं मडकं सिद्धरामनं धरायचं. सिद्धरामनं मान खाली घातली. साडेपाच लवकर वाजावेत असं त्याला वाटत होतं आणि त्याची त्यालाच लाज वाटत होती.

सव्वापाचला फोन वाजला. तो गोठ्यामागं गेला.

"दादा, नरसी सोडली. वीस मिनिटांत येतो."

तो परत आला तेव्हा सगळे त्याच्या तोंडाकडं बघून राहिले होते. कुठं आला, शेषेरावांनी विचारलं.

"अजून मागं देगलूरलाच अडकलाय. न्हाई पोचत."

स्टँडवर सांगावं तसं त्यानं सांगितलं. कुणाला शंका आली नाही. मसणवटा जवळच, सरणही दुपारीच रचून ठेवलेलं; माणसं घाईनं उठली. मडकं उचलून सिद्धराम तिरडीच्या पुढं चालू लागला.

सत्यम आधी घरी जाऊन मग मसणवट्यात आला तेव्हा सरण चांगलंच धडाडलं होतं. बूट वाटेतच काढून तो अनवाणी धावत आला आणि थोरल्याच्या गळ्यात पडला. बराच वेळ नुसता रडला.

"अग्नी तूच देणार होतास, दादा," तो म्हणाला. "विमानातच ठरवलं होतं मी. मला फक्त तिचं तोंड बघायचं होतं."