हात ठेवून बरा होणारा कॉम्प्युटर

कानाच्या दवाखान्यातली चिंचोळी खोली माणसांनी गच्च भरली होती. शेजारचा शिंपी गळ्यातली टेप तशीच घेऊन आला होता, औषधवाला दुकान उघडं टाकून आला होता, आणि तपासणीला आलेले म्हातारे नंबर जाऊ नये म्हणून खुर्च्यांसकट पुढे सरकले होते. सगळ्यांचे डोळे पडद्यावर. कॉम्प्युटरला जोडलेल्या वस्तूंची नावं जिथे ओळीनं दिसायला हवीत, ती चौकट पांढरीफटक होती.

"बघा, एकही अवयव उरला नाही," हातगुणवाला खालच्या आवाजात म्हणाला. "यंत्राचा प्राण गेलाय. मग ते कान तपासायच्या मशीनला ओळखणार कसं?"

बिघडलेले कॉम्प्युटर नुसता हात ठेवून बरे करतो, अशी त्याची ख्याती होती. औषधवाल्यानंच त्याला गेल्या महिन्यात 'यंत्रशुद्धी'साठी आणलं होतं. पडदा रिकामा व्हायला लागला तो त्यानंतर, पण हा हिशेब कुणी केला नव्हता. त्यानं सगळ्यांना डोळे मिटायला लावले, डब्यावर तळवा ठेवला, लहरी, स्पंदनं असं काहीबाही पुटपुटला आणि कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नावं परत हजर. शिंप्यानं हात जोडले. मग रक्षणासाठी कवच घालायचं म्हणून त्यानं पुन्हा डोळे मिटायला सांगितले.

कोपऱ्यात बसलेल्या डॉक्टरीणबाईंनीही मिटले. दवाखाना भाच्याच्या हाती सोपवला तरी सकाळी त्या येऊन बसत. अशी गर्दी त्यांना नवी नव्हती. तरुणपणी त्यांनी कानातून खडे काढणारा पाहिला होता. खडे तो गालात लपवून आणायचा. तेव्हाही लोक असेच माना पुढे काढून उभे होते. गालातले खडे दाखवून दिले, तर लोक बाईंवरच चिडले होते. आता पुन्हा तेच, या विचारानंच त्यांना दमल्यासारखं झालं. पण मिटल्या डोळ्यांनी त्यांना पुटपुटण्याखालून टिक, टिक असा बारीक आवाज ऐकू आला. बाईंचं सगळं आयुष्य बारीक आवाजांत गेलं होतं.

"हे पुन्हा होणार," जाताना दक्षिणा खिशात घालत हातगुणवाल्यानं सांगितलं. "सकाळी पहिला हात कुणाचा लागतो?"

सगळ्यांनी चिमणीकडे पाहिलं. दवाखाना उघडायचा, झाडायचा, कॉम्प्युटर लावायचा, हे तिचं काम. नवरा गेल्यापासून दोन लेकरांचं घर ती याच नोकरीवर ओढत होती. पडदा रिकामा सापडायचा तोही दर वेळी तिलाच.

गर्दी पांगल्यावर भाचा म्हणाला, "आत्या, माझा विश्वास नाही गं. पण पेशंट तिच्याकडे बघून कुजबुजतात. दुसरी कुणी बघू या."

"एक दिवस थांब," बाई म्हणाल्या. मशीन विकणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला त्यांनी फोन लावला आणि तो सांगेल ते कॉम्प्युटरवर बघत गेल्या.

दुसऱ्या दिवशी चिमणीला दाराबाहेर उभं करून त्यांनी स्वतः कॉम्प्युटर लावला. चौकट कोरी.

"आता माझा हात वाईट का?" त्यांनी जमलेल्यांना विचारलं. हातगुणवाल्याला बोलावणं गेलंच होतं. तो आला, तसा बाईंनी माऊस स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "हा राहू दे माझ्याकडे. तुम्ही हात ठेवा. आम्ही डोळे उघडे ठेवतो."

त्यानं हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. उघड्या डोळ्यांपुढे लहरी उतरत नाहीत, असं म्हणाला. दुसरीकडे बोलावलंय, असंही म्हणाला. आणि गेला.

"अवयव गेले म्हणत होता, मग हा बाण कशानं हलतोय?" बाईंनी माऊस फिरवून दाखवला. "मुलं वर्गातच असतात. हजेरी घेणाऱ्या मास्तरला झोपवलं, की यादी कोरी. या जुन्या कॉम्प्युटरात प्लग अँड प्ले नावाची सेवा हजेरी घेते. तुमचे डोळे पहिल्यांदा मिटले, की हा ती सुरू करायचा, आणि कवचाच्या वेळी पुन्हा बंद करून ठेवायचा. चालू कॉम्प्युटरवर लगेच फरक दिसत नाही. सकाळी नव्यानं लावला, की चौकट रिकामी. आणि सकाळी लावते चिमणी. चिमणे, ये गं."

बाई सांगत गेल्या, चिमणी करत गेली. सेवांची यादी उघडली, बंद केलेली सेवा आपोआप सुरू होईल अशी लावली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. नावं ओळीनं आली. भाच्यानं मान खाली घातली आणि दवाखान्याची किल्ली परत तिच्यापुढे ठेवली.

"तरी काही म्हणा, त्याच्या हातात काहीतरी होतं," शिंपी म्हणाला.

"होतं ना. माऊस होता."

शिंपी हसला, पण पटल्यासारखा नाही. बाईंनी वाद घातला नाही. गालातले खडे पाहूनही लोकांना असंच पटलं नव्हतं. त्यांनी पहिल्या म्हाताऱ्याला आत बसवलं, त्याच्या कानांवर हेडफोन चढवण्याआधी क्षणभर थांबल्या आणि दाराशी रेंगाळलेल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आवाज आला, की बोट वर करा. नाही आला, तर शेजाऱ्यानं केलं म्हणून तुम्ही करू नका."