गच्चीवरची होडी आणि धरणाखालची नदी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. निमुळती, दोघांना पुरेल एवढी, आणि जराशी तोऱ्यातली. नागपुरात होडी कशी, असं विचारू नका. कूलरच्या टाक्या करणाऱ्या एका शेडमध्ये देवाजी नावाच्या कारागिराने मला फायबरची घडवली. टाक्यांच्या पोटात पाणी, माझ्या पोटाखाली पाणी, फरक काय तो एवढाच. पण मला त्याचा भारी अभिमान होता.

कृष्णकांत काकांनी मला हौसेने घरी आणलं. तलावावर लोक थांबून माझं कौतुक करत. पुढे काकांना कचेरीतून सवड मिळेना आणि मी गच्चीवर पालथी पडले. त्यांच्या थोरल्या बहीण यमुताई माझ्या पाठीवर मुगवड्या वाळत घालू लागल्या. उन्हाने माझा रंग उडाला. फार वाईट वाटायचं हो.

यंदा दसऱ्यानंतर काकांच्या मुलीने, चिन्मयीने, मला धुतलं आणि माझ्या चिरा बुजवल्या. धरणाखाली जंगलातून जाणाऱ्या नदीत दोन दिवस होडी वल्हवायची, असा बापलेकीचा बेत ठरला. काठावर बिबट्याची भीती, म्हणून मुक्काम नदीमधल्या वाळूच्या बेटावर करायचा. मला गाडीच्या टपावर बांधलंसुद्धा. मी हरखून गेले.

तेवढ्यात यमुताई म्हणाल्या, "काहून गा कृष्णा, राती पाणी वाढलं तं?"

"कुठून वाढते ताई? आभाळात एक ढग नाही."

"नळ काय आभाळ पाहून येते? कोणी सोडला तंच येते. तुमची नदीबी तशीच नं. विचारून तं घ्या."

चिन्मयीने धरणावर फोन लावला. वर मध्य प्रदेशात जोराचा पाऊस झाला होता आणि त्याच संध्याकाळी दरवाजे उघडणार होते. बेत रद्द झाला. मला यमुताईंचा इतका राग आला की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी सगळे पाणी बघायला गेले. मी टपावरच होते. पुलावरून पाहिलं तर बेट नव्हतंच. जिथे तंबू लागणार होता तिथून गढूळ पाणी झाडंझुडपं ओढत चाललं होतं. चिन्मयीने यमुताईंचा हात घट्ट धरला. माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना उन्हात टाकून विसरू नका, अधूनमधून पाणी दाखवा. पण धरणाखालच्या नदीत उतरण्याआधी धरणावर विचारा, मी कितीही उतावीळ झालेली असले तरी. मी फुटले तर दुसरी होडी घडवता येईल. दुसरी चिन्मयी कुठून आणायची?