बाई रुसल्या म्हणे

सोमारी काखेत कोंबडा घेऊन अंगणात उभी राहिली आणि तिनं सरळच विचारलं, "बाई, तुमी माह्यावर रुसल्या का?"

मीराबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "मी काऊन रुसू? आन् हा कोंबडा कायले आणला?"

"मी एवढं इचारून राह्यली, तुमी काईच नाई सांगत. गावात सारे म्हंतेत, बाईचं मन दुखलं. म्हून तुमाले मनवाले आणला."

ओट्यावर पेपर वाचत बसलेले मीराबाईंचे यजमान वामनराव खो-खो हसले. "घे आता. आणखी कर कोचिंग."

घोळ त्या कोचिंगचाच होता. मीराबाई एटापल्लीकडच्या आशाताईंच्या गटप्रवर्तक. बारशाच्या नावापासून जावई वळणावर आणण्यापर्यंत माणसं त्यांना सल्ला विचारत, आणि नाही विचारला तरी त्या देतच. पण मागच्या महिन्यात गडचिरोलीला प्रशिक्षण झालं. तिथल्या मॅडमनी सांगितलं, शिकवणं वेगळं, सल्ला देणं वेगळं, दुःखात धीर देणं वेगळं आणि कोचिंग त्याहून वेगळं. त्यात आपण उत्तर द्यायचं नाही. नीट प्रश्न विचारायचा आणि समोरच्याला स्वतःचं उत्तर सापडेपर्यंत तोंड मिटून बसायचं. मीराबाईंना हे सगळं फार पटलं, तोंड मिटणं तेवढं सोडून. आणि इकडे तर वडीलधारं माणूस विचारल्यावर गप्प राहिलं, म्हणजे रुसलंच.

"रुसली नाई वं माये. बस, चहा ठेवते."

सोमारी त्यांच्याच गटातली आशा. तिचा नर्सिंगला नंबर लागला होता, चंद्रपूरला. दवाखान्यातले डॉक्टर म्हणत होते, डोळे मिटून जा. आई म्हणत होती, लेकराला टाकून कुठं जातेस. नवरा, सुकलू, म्हणे मी पोराले सांभाळतो, पण तू बाईले इचार. आता बाईच बोलेनात.

बोलायचं तर मीराबाईंना एकच होतं, जाऊ नको. त्या पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या आणि आपलं काम सोमारीच्याच हाती द्यायचं त्यांनी मनात पक्कं केलं होतं. त्यांच्या गाडीवर मागं बसून ती रानातल्या गावांमध्ये यायची, गोंडीत दोन शब्द बोलायची, तेव्हा कुठं बाया दार उघडायच्या. शिवाय मीराबाईंना लेक नव्हती. या पोरीवर त्यांचा जीव जडला होता, आणि आपण 'राहा' म्हटलं की ती राहणार, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

चहा झाला. मीराबाईंनी विचारलं, "लोकायचं राहू दे. तुले काय पाह्यजे?"

सोमारी खाली मान घालून जमिनीवर बोटानं रेघा ओढत बसली. मीराबाईंच्या जिभेवर 'राहा' हा शब्द कितीदा येऊन गेला. वामनरावांनीही पेपर मिटला.

"बाई," सोमारी शेवटी म्हणाली, "त्या दिवशी दवाखान्याच्या गाडीत त्या बाळंतिणीचं रक्त थांबे ना, आठवते? मी निस्ता तिचा हात धरून बसली होती. मले तेवढंच येत होतं." तिनं वर पाहिलं. "मले त्याच्याहून जास्त याले पाह्यजे. मी जातो बाई."

"अन् पोरगं?"

"रडन. मी बी रडन. पण जातो."

मीराबाईंनी मान हलवली. "कवा निघशीन?"

"सोमवारच्या गाडीनं."

सोमारी हलकी होऊन गेली. फाटकाशी वळून हसलीसुद्धा. ती वळणाआड होईपर्यंत मीराबाई उभ्या होत्या, मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

वामनराव जवळ आले. "एवढं होतं मनात, तं एक डाव राहा म्हणून पाहाचं होतं."

"राह्यली असती ना ती," मीराबाई म्हणाल्या.