चादरीच्या पलीकडची बाजू

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या धुलाईघरात नवीन माणूस टिकत नसे. काम अवघड नव्हतं, पण आत वाफ होती, यंत्रांचा खडखडाट होता आणि त्या खडखडाटात कोणी कोणाशी बोलायच्या भानगडीत पडत नसे. शेवटची आलेली बाई जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन उठली आणि तो तिने थेट घरी जाऊन उघडला. तेव्हा मालकीणबाईंनी ठरवलं, की यापुढे नव्या माणसाला सुरुवातीला जुन्यांपैकीच एक सोबती द्यायचा. मुकादम नव्हे, बरोबरीचा माणूस. त्याने काम दाखवायचं, दोन शब्द बोलायचे आणि नवा पळत नाही एवढं बघायचं. सोबत्याला घडीच्या टेबलावरचं काम माफ.

हे शेवटचं ऐकून धाकटीने कान टवकारले.

धाकटी आणि थोरली ही धुलाईघराने पाडलेली नावं. दोघी बहिणी नव्हत्या, नणंद-भावजय होत्या, आणि चादरींच्या घड्या घालायला त्यांची जोडी होती. मोठ्या चादरीला माणसं दोन लागतात. समोरासमोर उभं राहून चारही टोकं धरायची, चादर ताणायची, मग चालत एकमेकींजवळ यायचं आणि एकीने आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. त्या क्षणी नाकाला नाक लागतं. यंत्रांच्या आवाजात बोललेलं ऐकू जाईल अशी जागा तेवढीच, आणि थोरलीने ती कधी वाया घालवली नव्हती. दर घडीला एक वाक्य. केस नीट बांध. चहात साखर कमी होती. माझ्या भावाचा शर्ट दोन दिवस दोरीवर लोंबतोय. धाकटीला उत्तर सुचेपर्यंत मागे सरकायची वेळ झालेली असे, आणि पुढच्या घडीला नवीन वाक्य तयार. सासरी आल्यापासून तिची सगळी उत्तरं अशी चादरीत गुंडाळली गेली होती. तिला सोबती व्हायचं होतं ते यासाठी. नव्या माणसांचं कल्याण वगैरे नंतर.

तिच्यासमोर उमेदवार एकच, डाग काढणारा, ज्याला सगळे डागवाले म्हणत. मालकीणबाईंनी थोरलीलाही विचारलं होतं. एक भावजय सांभाळताना जीव मेटाकुटीला आलाय, असं सांगून तिने विषय संपवला.

निवड साध्या पद्धतीने व्हायची होती. त्या दिवशी नव्याने रुजू झालेला माणूस सकाळी डागवाल्यांबरोबर राहील, दुपारी धाकटीबरोबर, आणि संध्याकाळी तोच सांगेल. हा माणूस आधी बस चालवायचा, म्हणून फाटकातून आत येईपर्यंत त्याचं नाव ड्रायव्हर पडलं.

डागवाल्यांनी सुरुवात शाईच्या डागापासून केली. शाईचा डाग मानी असतो आणि तेलाचा लोचट, असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी दाखल्यांसकट मांडलं. आयुष्यात स्टिअरिंगवर डुलकी न घेतलेला ड्रायव्हर जेवणाच्या सुट्टीआधी उभ्या उभ्या झोपला.

धाकटीने आरशासमोर तयारी केली होती. गोड बोलायचं, हसायचं, चुका काढायच्या नाहीत. थोरलीला दुपारपुरतं इस्त्रीच्या यंत्रावर पाठवलं होतं. धाकटीने ड्रायव्हरला टोकं कशी धरायची ते दाखवलं, दोघांनी चादर ताणली आणि दोघं चालत जवळ आले.

इथे घोटाळा झाला. या ठिकाणी कानावर एक वाक्य पडतं आणि मग पाय मागे सरकतात, अशी तिच्या अंगाला सवय होती. वाक्य पडलं नाही. पाय हलेनात. ड्रायव्हर टोकं पुढे करून उभा, धाकटी टोकं धरून उभी, मागे चादरींचा ढीग वाढतोय. शेवटी तिच्याच तोंडून बाहेर पडलं, "केस नीट बांधा."

ड्रायव्हरला पूर्ण टक्कल होतं.

पण पाय सुटले. पुढच्या घडीला तिने जीभ चावून धरायचा प्रयत्न केला, तर पुन्हा खांब झाली. मग चहातल्या साखरेचं वाक्य निघालं. त्यानंतर शर्टाचं, त्यातला भाऊ तेवढा गळला. ड्रायव्हर आधी बावरला. मग त्याने विचार केला असावा, कारण चौथ्या भेटीला तो म्हणाला, की शर्ट दोरीवर आहे हे खरं, आज काढतो. घड्या मात्र एकावर एक सरळ बसत होत्या.

संध्याकाळी सगळे मालकीणबाईंच्या टेबलाभोवती जमले. धाकटी मान खाली घालून मागे उभी होती.

"डागवाले विद्वान आहेत," ड्रायव्हर म्हणाला. "पण या बाईंजवळ मला घरच्यासारखं वाटलं. ओळख ना पाळख, तरी माझ्या चहाची, शर्टाची चौकशी. केस बांधा म्हणाल्या. माझ्या केसांची आशा इतक्या वर्षांत कोणी धरली नव्हती."

धाकटीने मान वर केली. मालकीणबाई तिचं नाव लिहिणार, इतक्यात दारातून आवाज आला.

"केसांचं वाक्य माझं आहे," थोरली म्हणाली. "साखरेचंही माझं. आणि तो शर्ट माझ्या भावाचा."

"वन्सं, तुम्हाला कुठे व्हायचं होतं सोबती?"

"व्हायचं नाहीच. पण माझं बोलणं माझ्या नावावर राहू दे."

मालकीणबाईंनी दोघींकडे पाहिलं. अस्सल दारात उभं असताना नक्कल कशाला घ्यायची, असं म्हणून त्यांनी थोरलीची नेमणूक केली. मला वेळ कुठाय, असं म्हणत थोरलीने एप्रनची गाठ सोडलीसुद्धा.

हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणून धाकटी घरी जाईपर्यंत स्फुंदत होती. दुसऱ्या दिवशी ती टेबलापाशी आली, तर पलीकडची टोकं इस्त्रीवरच्या मुक्या म्हाताऱ्याने धरली होती. तिने सावधपणे पहिली घडी घातली. नाकाला नाक आलं. म्हाताऱ्याने मान हलवली. ती थोडा वेळ थांबली, मग त्याच्यादेखत आपल्या मनचं एक वाक्य बोलली आणि आपणच मागे सरकली.

आठवड्याभरात आणखी माणसं आली आणि एकही पळालं नाही. थोरली दिवसभर त्यांच्या कॉलरी, चाली आणि लग्नं सुधारत असे. संध्याकाळी घरी यायची, भिंतीला पाठ टेकायची आणि डोळे मिटायची. धाकटीचा नवरा दोन दिवस हे बघत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने बहिणीच्या कपाळाला हात लावला. थोरलीने डोळे न उघडता तो बाजूला केला.

"ताईला काहीतरी झालंय," तो बायकोच्या कानाशी लागला. "मी पाय न धुता आत आलो, एक शब्द नाही. डॉक्टरांना बोलवू का?"

धाकटीने खोलीचं दार हलकेच ओढून घेतलं.

"अजिबात नको," ती म्हणाली. "उद्या चार नवीन येणार आहेत. वन्संना नीट विश्रांती घेऊ द्या."